तलावाकाठचे तान्हे बाळ

गेल्या मे महिन्यात धर्मग्रामातील काही कुटुंबांना बरोबर घेऊन आम्ही सिल्वासानजीकच्या एका विश्रामधामात दिवस घालविला. उकाडा असह्य होता. पोहण्याचा तलाव दृष्टीस पडताच मुलांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. एक तरुण माता थोरल्या मुलीबरोबर घटकाभर पाण्यात उतरली आणि मग काठावरच्या सावलीत आपल्या चार महिन्यांच्या बाळाला पाजावयास बसली. इतक्यात तेथील रखवालदार आला व ''हे येथे चालणार नाही, शौचालयात जाऊन बसा,'' असे बजावून निघून गेला. बिचारी उठली. बाळ रडू लागले. तिने आम्हांस विचारले, ''फादर, माझे काही चुकले काय?''

तिचे काहीएक चुकले नव्हते. ज्या ओल्या, कोंदट जागेत कोणी शहाणा मनुष्य भाकरीचा तुकडा तोंडात घालणार नाही, तेथे चार महिन्यांच्या जिवाने आपले भोजन करावे, हा कोठला न्याय? आमच्या हवेलीत भातलावणीच्या दिवसांत बाया बांधावर बसून लेकरांना पाजतात आणि शेजारून जाणारा गडी मान वळवून पुढे जातो. त्याला हे कोणी शिकविलेले नसते. फरशी बसविलेल्या तलावाकाठी आलो की तेच कृत्य आपणांस लाजिरवाणे वाटू लागते, याचे नवल वाटते.

ही केवळ आमचीच समजूत आहे असे नव्हे. सार्वजनिक स्थळी बाळाला पाजणाऱ्या मातेकडे कोणी हीन दृष्टीने पाहू नये, असा अभिप्राय आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली व्यक्त केला आणि सार्वजनिक इमारतींत मातांसाठी स्वतंत्र जागा असाव्यात याकडे राज्यांचे लक्ष वेधले. शेजारच्या महाराष्ट्रात एस. टी.च्या स्थानकांवर अशा खोल्यांना 'हिरकणी कक्ष' म्हणतात. तान्हुल्याच्या ओढीने रायगडाचा कडा रात्री उतरून गेलेल्या त्या गवळणीचे नाव याहून योग्य ठिकाणी क्वचितच दिले गेले असेल. पोप फ्रान्सिस यांनीही २०१४ साली आणि पुन्हा २०१७ साली, सिस्टाईन चॅपेलमध्ये बालकांना बाप्तिस्मा देताना, बाळ भुकेले असेल तर येथेच निःसंकोच पाजा, असे मातांना सांगितले होते. वेदीसमोर जे चालते ते तलावाकाठी का चालू नये?

आता आरोग्याविषयी. त्या मातेच्या सासूबाईंची शंका रास्त होती : औषध घातलेल्या पाण्यातून आलेल्या अंगाने बाळास पाजावे काय? पाजावे, मात्र आधी साध्या स्वच्छ पाण्याने छाती धुऊन मऊ फडक्याने टिपून घ्यावी. साबण नको, त्याने त्वचा कोरडी पडून चिरते. अंगाला उन्हाचे मलम लावले असेल तर तेही पुसावे. ओले कपडे बदलावेत, कारण ओल्या कपड्यांच्या गारव्याने तान्हे बाळ लवकर गारठते. पाण्यात उभे राहून मात्र पाजू नये. पाय घसरण्याचे भय असते, आणि तलावाचे पाणी बाळाच्या तोंडात जाते.

तलावाचा उग्र दर्प म्हणजे स्वच्छतेची खूण, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः क्लोरीनचा घाम व लघवी यांच्याशी संयोग झाला म्हणजे तो दर्प सुटतो. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येकाने अंघोळ करावी. आईच्या दुधाचा थेंब पाण्यात पडल्याने तलाव बाटत नाही. बाटतो तो हगवण लागलेल्या मुलाला पाण्यात उतरविल्याने. हगवणीचे काही जंतू क्लोरीनच्या पाण्यातही आठवडाभर तग धरतात. तेव्हा अशा मुलाला घरीच ठेवावे, बाळाचे लंगोट काठापासून दूर बदलावेत आणि हात साबणाने धुवावेत. त्या रखवालदाराने याकडे लक्ष दिले असते तर आम्ही त्याचे आभार मानले असते.

सासूबाईंनी आणखी एक सूचना केली होती : ''उकाडा फार आहे, पोराला दोन चमचे पाणी तरी द्या.'' प्रेमापोटी दिलेला हा सल्ला चुकीचा आहे. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधावाचून काहीही, उन्हाळ्यातले पाणीसुद्धा, देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दुधातच पुरेसे पाणी असते. बाळ अधिक वेळा मागेल, तेवढ्या वेळा पाजावे. बाहेरच्या पाण्यातून मात्र हगवण घरात येते. पुढे वरचे अन्न सुरू करून दोन वर्षे व त्याहूनही अधिक काळ अंगावर पाजावे.

शिष्टाचार म्हणाल तर तो मुख्यतः इतरांनी पाळावयाचा आहे. मातेला ओढणी वा पदर घ्यावासा वाटला तर तिने घ्यावा. पण मे महिन्याच्या उन्हात बाळाचे तोंड झाकून टाकू नये. पुरुषांनी दृष्टी वळवावी, मोबाईल खिशात ठेवावा. खुर्ची रिकामी करून द्यावी, हे तर सांगावयासही नको.

त्या दिवशी सासूबाईंनीच आंब्याखाली चटई अंथरली आणि सुनेकडे पाठ करून, पाहू कोण येतो ते, अशा आविर्भावात बसल्या. कोणी आले नाही. परतताना आम्ही व्यवस्थापकांशी बोललो. हवेच्या नळ्या ठेवण्याची कोपऱ्यातली खोली मातांसाठी मोकळी करून देण्याचे त्यांनी मान्य केले. गेल्या महिन्यात जाऊन पाहिले : खोली मोकळी आहे, खुर्ची आहे, दाराला आतून कडी आहे. पंखा अद्याप बसलेला नाही. त्यासाठी आम्ही पुन्हा जाणार आहोत.