स्पीकरच्या पायाखाली काय असावे?

वूफरचा पडदा पुढे झेपावतो तेव्हा न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे स्पीकरचा खोका तेवढ्याच बलाने मागे ढकलला जातो. हलणारा पडदा 30 ग्रॅमचा आणि खोका 15 किलोचा असेल, तर पडद्याच्या 5 मिलिमीटर हालचालीमागे मोकळा खोका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा हलेल. अंतर नगण्य खरे. पण ही थरथर लाकडी जमिनीत उतरली की तेवढी मोठी जमीन स्वतःच आवाज करू लागते. मग डग्ग्याची थाप स्वच्छ उमटून विरण्याऐवजी घुमत राहते.

यावर अनेक जण स्पीकरखाली टोकदार स्पाइक लावतात. जाड गालिच्यावर स्पीकर डगमगू नये, एवढे काम ते चोख करतात. कंपने मात्र ते अडवत नाहीत. कडक धातू ती सरळ खाली पोहोचवतो.

अडवण्यासाठी हवा स्प्रिंगचा किंवा मऊ रबराचा पॅड, आणि तोही वजनाला जुळणारा. स्प्रिंगवर ठेवलेल्या प्रत्येक वजनाची एक नैसर्गिक वारंवारिता असते. तिच्या साधारण 1.4 पटीच्या वरची कंपने अडतात. खुद्द त्या वारंवारितेची कंपने उलट वाढतात. चार तारांच्या बास गिटारचा सर्वांत खालचा स्वर सुमारे 41 हर्ट्झचा. पॅडची वारंवारिताही 40च्या आसपास असेल, तर पैसे खर्चून दोष वाढवला असे होईल. ती 10 हर्ट्झ असेल, तर त्या स्वराच्या कंपनबलाचा जेमतेम पंधरावा भाग खाली जाईल.

ही वारंवारिता साध्या पट्टीने अजमावता येते. स्पीकर ठेवल्यावर स्प्रिंग 2.5 मिलिमीटर दबली तर सुमारे 10 हर्ट्झ, 10 मिलिमीटर दबली तर 5. रबराची वारंवारिता या हिशेबापेक्षा थोडी वर भरते. जो पॅड दबतच नाही किंवा दबून पार चपटा होतो, तो खर्जाला अडवणार नाही.

आपल्याकडच्या इमारतींतला काँक्रीटचा स्लॅब लाकडी जमिनीइतका सहज थरथरत नाही, त्यामुळे तिथे फरक कमी जाणवतो. खोलीच्या भिंतींमुळे घुमणारा खर्जही पॅडने जात नाही. त्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून पुढे ओढून पाहावा. आणि हवेतून स्लॅबवर आदळणारा आवाज खालच्या शेजाऱ्यांपर्यंत जाणारच.

म्हणून पॅड घेण्याआधी गाणे लावून स्पीकरजवळ जमिनीवर तळहात टेकवा. थरथर लागत असेल तर स्पीकरचे वजन करा, आणि तेवढ्या वजनासाठी बनवलेलाच पॅड मागा.