घोंगडीला भोकं पाडणारी 'कसर' ओळखा. घरात शेतातलं औषध फवारू नका

पेटीतली घोंगडी किंवा लग्नातला रेशमी शालू बाहेर काढला, की कधी कधी जागोजागी भोकं दिसतात. 'कसर लागली' म्हणून आपण सोडून देतो. बऱ्याचदा यामागे एक बारीक भुंगेरा असतो. त्याला कार्पेट बीटल म्हणतात. धान्यातला खपरा याच कुळातला.

भुंगेरा २ ते ४ मिलिमीटरचा, गोलसर, अंगावर पांढरे-पिवळे-तपकिरी ठिपके. तो कापड खात नाही, फुलांतले पराग खातो. उजेडाकडे जातो म्हणून खिडकीत दिसतो. नासधूस करते ती त्याची अळी. ती तपकिरी, पट्टे असलेली, अंगभर केसाळ असते. लोकर, रेशीम, पिसं, केस, मेलेले किडे हे तिचं खाणं. सुती कापडाला ती सहसा लागत नाही. घामाचे, तेलाचे डाग असले तर लागते.

पेटीच्या कोपऱ्यात केसाळ, पोकळ काती सापडल्या की समजावं, हीच ती. वाळवी असेल तर माती दिसते. ही अळी ढेकणासारखी चावत नाही, पण तिच्या केसांनी काहींच्या अंगाला खाज येते, पुरळ उठतं. मग ढेकूण समजून अंथरुणावर औषध मारलं जातं. संग्रहालयांत पेंढा भरलेले पक्षी, फुलपाखरं हिच्या जातभाईंनी पोखरली आहेत. तिथे वस्तू पिशवीत बंद करून उणे २० अंशांखाली गोठवतात.

घरी काय करावं?

• घोंगडी, स्वेटर कडक उन्हात घालून दोन्ही बाजूंनी झटका. रेशमाला सावलीतला वारा द्या.
• कपडे धुऊन, पूर्ण वाळवूनच घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवा.
• पेटीचे कोपरे, कपाटामागची धूळ, केस काढा.
• चिमण्या-पारव्यांची रिकामी घरटी, मेलेले उंदीर-पाली हटवा. अळी बऱ्याचदा तिथूनच घरात येते.
• डांबरगोळ्या बंद पेटीतच ठेवा, मुलांच्या हाती लागू देऊ नका.

पिकावरचं औषध घरात फवारू नये. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या तर कपड्यांच्या पेटीत कधीच टाकू नयेत. त्यांतून निघणाऱ्या फॉस्फिन वायूने झोपेतली माणसं दगावली आहेत. घोंगडी नवी घेता येते, माणूस नाही.