नोकरी सुटल्यावर नावनोंदणी व साहाय्य

औद्योगिक वसाहतीत काम करणारा एखादा गृहस्थ नोकरी सुटल्यानंतरही सकाळी डबा घेऊन नेहमीच्या वेळी घराबाहेर पडतो, दिवसभर कोठेतरी बसतो व संध्याकाळी परततो, हे वसई परिसरात आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिले असेल. घरच्यांना सांगवत नाही, धर्मग्रामात कळू नये असे वाटते. त्याची व्यथा आम्ही समजू शकतो. परंतु या लपवाछपवीत जे चार-सहा आठवडे निघून जातात तेच सर्वांत मोलाचे असतात, कारण शासनाकडून व मालकाकडून जे मिळू शकते त्यातील बरेचसे कागदपत्रांवर व तारखांवर अवलंबून असते.

पहिले काम नावनोंदणीचे. जुन्या पिढीला 'एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज' हा शब्द चांगला आठवतो. ही कार्यालये १९४५ साली, दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना कामधंद्याला लावण्यासाठी सुरू झाली आणि १९४८ पासून सर्वांसाठी खुली झाली. शाळा सुटली की कार्ड काढायचे, ठरावीक मुदतीने त्याचे नूतनीकरण करायचे व बोलावण्याची वाट पाहायची, अशी तेव्हाची रीत होती. अनेकांचे बोलावणे कधी आलेच नाही आणि 'नाव नोंदवून काय मिळते?' हा प्रश्न तेव्हापासून आपल्या मनात घर करून बसला आहे.

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. नोंदणी म्हणजे नोकरीची रांग नव्हे. १९५९ च्या कायद्याने आस्थापनांवर रिक्त जागा कळविण्याचे बंधन घातले, परंतु तेथून आलेल्या उमेदवारालाच घ्यावे असे बंधन कधीच नव्हते. पुढे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने केवळ या यादीवर विसंबून न राहता सरकारी जागांची जाहिरातही द्यावी, असा निर्णय दिला. त्यामुळे कार्डाचे जुने वजन उतरले. तरीही नोंदणी करावीच असे आम्ही म्हणतो, कारण शासनाचे रोजगार मेळावे, अल्पमुदतीचे कौशल्य प्रशिक्षण व मार्गदर्शन यांचा मार्ग आज तिच्यातूनच जातो.

महाराष्ट्रात ही नोंदणी 'महास्वयम्' या शासकीय संकेतस्थळावर होते. आधार क्रमांक, चालू असलेला मोबाईल क्रमांक, शिक्षणाचा व अनुभवाचा तपशील एवढ्यावर काम भागते. शुल्क लागत नाही. नोंदणी क्रमांक वहीत लिहून ठेवावा. अनुभवाचा रकाना मात्र घाईने भरू नये. 'फॅक्टरीत १८ वर्षे' असे लिहिणाऱ्यापेक्षा कोणते यंत्र चालविले, किती माणसे हाताखाली होती हे लिहिणाऱ्याचा अर्ज मालकाच्या शोधात लवकर सापडतो. संगणकाची सवय नसेल त्यांनी जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जावे. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाल्यापासून वसईकरांचा जिल्हा ठाणे राहिलेला नाही, हे जुनी कार्डे बाळगणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. केंद्र सरकारच्या 'नॅशनल करिअर सर्व्हिस' या २०१५ साली सुरू झालेल्या संकेतस्थळावरही नाव नोंदवावे. एक नोंदणी दुसरीच्या आड येत नाही.

आता पैशाचा विषय. केवळ नाव नोंदवले म्हणून आपल्याकडे बेकारभत्ता सुरू होत नाही. भत्त्याची जी सोय आहे ती कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे, म्हणजे 'ई.एस.आय.'कडे आहे आणि ती विमाधारक कामगारापुरती आहे. पगारपत्रकात ई.एस.आय.ची कपात दिसते काय, हे आधी पाहावे. २०१८ साली सुरू झालेल्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी दैनिक वेतनाच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवसांपर्यंत, आयुष्यात एकदाच मिळते. २०२० पूर्वी हा दर २५ टक्के होता. नोकरी सुटून ३० दिवस झाल्यावर अर्ज करता येतो. त्यापूर्वी किमान २ वर्षे विमा असावा लागतो व वर्गणीच्या दिवसांची अट आहे. गैरवर्तनाच्या शिक्षेमुळे नोकरी गेली असेल किंवा निवृत्ती वा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल, तर हा लाभ नाही. योजनेची मुदत वेळोवेळी वाढविली जाते, म्हणून जवळच्या शाखा कार्यालयात खात्री करून घ्यावी.

दवाखान्याची सोय नोकरीबरोबरच संपली, असेही अनेकजण समजतात. तसे नाही. एप्रिल ते सप्टेंबर या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर तिच्या आधारे पुढील जानेवारी ते जून या काळात उपचार मिळतात. घरात मधुमेहाचा किंवा हृदयविकाराचा रुग्ण असेल तर या सहा महिन्यांचे मोल वेगळे सांगावयास नको.

येथे एक कटु अनुभव सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. आमच्या परिचयातील एका बांधवाला एका कारखान्याने कार्यालयात बोलावून छापील कागदावर सही घेतली. 'हिशेब लवकर होईल' असे सांगण्यात आले. तो कागद राजीनाम्याचा होता. कामावरून कमी केलेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस अथवा तितके वेतन, शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून मिळावयास हवे. स्वतःहून राजीनामा देणाऱ्याला ही भरपाई नाही. बांधवाची सेवा १४ वर्षांची होती. म्हणजे जवळजवळ सात महिन्यांचे वेतन एका सहीने गेले. तेव्हा वाचल्यावाचून सही करू नये, कागद घरी नेण्यास मागावा, नकार मिळाल्यास कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारावे. (व्यवस्थापकीय पदांवरील व्यक्तींना हा भरपाईचा नियम लागू नाही.) ५ वर्षे सेवा झालेल्यांची ग्रॅच्युइटी याहून वेगळी आहे आणि ती राजीनामा दिला तरी मिळते.

भविष्य निर्वाह निधीबाबत आमचा सल्ला सबुरीचा आहे. हाती पैसा नसला की सर्व रक्कम काढण्याचा मोह होतो. परंतु १० वर्षांची सेवा पूर्ण झाल्याशिवाय मासिक पेन्शनचा हक्क येत नाही. नऊ वर्षे भरून पेन्शनचे पैसे काढून घेणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागते. त्याऐवजी योजना प्रमाणपत्र घेतल्यास जुनी वर्षे नव्या नोकरीत जोडली जातात. रक्कम कधी व किती काढता येते हे नियम बदलण्याचा निर्णय विश्वस्त मंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये घेतला, म्हणून शेजाऱ्याच्या जुन्या अनुभवावर न जाता ताजी माहिती घ्यावी. मालकाने नोकरी सोडल्याची तारीख नोंदवली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती कर्मचाऱ्याला स्वतः भरता येते.

घरकाम, मासळीविक्री, बागायतीतील मजुरी करणाऱ्या आपल्या भगिनींना व बांधवांना ई.एस.आय. नाही, निधीही नाही. १६ ते ५९ वयाच्या अशा व्यक्तींसाठी २०२१ पासून 'ई-श्रम' नोंदणी आहे. तीही विनामूल्य आहे.

नोकरी गेलेल्या घराचा पत्ता दलालांना मात्र चटकन सापडतो. आखाती देशात काम लावतो म्हणून लाख-दीड लाख मागणारे भेटतील. नोंदणीकृत भरती संस्थेला उमेदवाराकडून ३०,००० रुपये व त्यावरील कर एवढेच शुल्क घेता येते, आणि संस्था नोंदणीकृत आहे किंवा नाही हे परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. पैसे देण्यापूर्वी ते पाहावे व दिल्यास पावती घ्यावी.