दांडा दाबायची घाई नको

कॉफीच्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "चिकोरी किती टक्के?" पाठोपाठ दुसरा: "फिल्टरसाठीच ना?" फ्रेंच प्रेस वापरणाऱ्याचं उत्तर दोन्हीला नाही. चिकोरी नको, आणि दळण भरड हवं, जाड रव्यासारखं. दुकानदार एकदा खात्री करून घेतो, मग चक्कीचा काटा फिरवतो. कॉफीचं निम्मं भवितव्य तिथेच ठरतं.

घरी मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात बिया फिरवून हे साधत नाही. पातं बिया दळत नाही, फोडतं. मग काही तुकडे मोठे राहतात, काहींची पूड होते. पुडीतला कडूपणा पाण्यात झटकन उतरतो आणि तेवढ्या वेळात मोठे तुकडे अर्धेकच्चे राहतात. एकाच कपात कडू आणि आंबट दोन्ही लागलं, तर दोष बियांना देऊ नये. दोन दात्यांमध्ये बी चिरडणारा हातग्राइंडर थोडा महाग पडतो, पण प्रेसपेक्षा आधी तोच घ्यावा असं माझं मत आहे.

प्रेसमध्ये तसं काहीच नाही. काचेचं भांडं, दांडा, दांड्याच्या टोकाला बारीक जाळी. या कल्पनेचं पेटंट 1852 साली पॅरिसमध्ये मायर आणि देलफोर्ज यांनी घेतलं. आजच्या रूपाच्या जवळ जाणारं 1929 चं पेटंट मात्र मिलानच्या कालिमानी आणि मोनेता यांचं.

अर्धा लिटर पाण्याला 30 ग्रॅम कॉफी. चमच्याने मापू नये. भरड आणि बारीक कॉफीचा चमचा वजनात सारखा भरत नाही. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा पुरतो. पाणी उकळून अर्धं मिनिट थांबावं, असं बहुतेक जण सांगतात. पुण्यात पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला साधारण 95 लाच. तिथे थांबायचं कारणच नाही, उकळलं की ओतावं.

पाणी पडताच कॉफी फुगून वर येते. ताज्या भाजलेल्या बियांमध्ये कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो, तो सुटतो आणि वर तपकिरी फेसाचा जाड थर धरतो. कॉफी जुनी असेल तर थर पातळ पडतो, बुडबुडे जेमतेम दिसतात. पाकिटावर भाजल्याची तारीख छापलेली नसली तरी हा थर वय सांगून टाकतो.

चार मिनिटांनी चमच्याने थर हलकेच मोडायचा. वास खरा इथे येतो, कपात ओतल्यावर येतो त्याहून जास्त. चोथा खाली बसू लागतो, वर उरलेला फेस काढून टाकायचा. आता लोक दांडा धरून जोर लावतात, आणि खाली बसत आलेला गाळ पुन्हा ढवळला जातो. त्यापेक्षा आणखी पाच मिनिटं काहीच करू नये. भरड दळणातून आता फारसं काही उतरत नाही. पाण्यात जेवढं मिसळतं, तेवढा पुढचा वेग मंदावतो. जाळी पाण्याच्या पृष्ठभागाला टेकेल एवढाच दांडा खाली न्यायचा आणि संथ धारेने ओतायचं. गाळण्याचं काम तोवर गुरुत्वाकर्षणाने केलेलं असतं. शेवटचा घोट भांड्यातच सोडावा.

कागदातून गाळलेल्या कॉफीत नसतो तो स्निग्धपणा इथे जिभेवर राहतो, कारण धातूच्या जाळीतून बियांचं तेल सुटून येतं. त्यासोबत कॅफेस्टॉलही येतं, ते कोलेस्टेरॉल वाढवतं. ज्यांना डॉक्टरांनी आधीच तंबी दिली आहे, त्यांनी कागदाचा फिल्टर वापरलेला बरा.

दुधाची आणि जायफळाची कॉफी प्रेसमध्ये करू नये. हे पाणी डिकॉक्शनसारखं दाट नसतं, दूध घातलं की चवच हरवते. जायफळाच्या कॉफीला पातेलंच लागतं, आणि ती त्यातच चांगली होते. प्रेससाठी चिकमगळूर किंवा कूर्गची मध्यम भाजलेली अरेबिका घ्यावी आणि पहिला घोट तरी बिनसाखरेचा घ्यावा.

धुताना जाळीचे सगळे भाग सुटे करावेत. अडकलेलं तेल खवट होतं आणि पुढच्या कॉफीत उतरतं. चोथा सिंकमध्ये लोटला तर नळी तुंबते. भांड्यात थोडं पाणी घालून हलवायचं, चहाच्या गाळणीत ओतायचं आणि उरलेला चोथा ओल्या कचऱ्यात.