‘एडिट’ न होणारा पीडीएफ फॉर्म मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर कसा भरायचा?

कॉलेजचा प्रवेश अर्ज, बँकेचा केवायसी फॉर्म, सोसायटीचं ना-हरकत पत्र. व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते आणि खाली मेसेज असतो, ‘भरून आजच पाठवा.’ पण फाइल उघडून रिकाम्या जागेवर बोट ठेवलं तर काहीच होत नाही. ना कर्सर येतो, ना कीबोर्ड.

मग आपण दोनपैकी एक गोष्ट करतो. झेरॉक्सवाल्याकडे जाऊन प्रिंट काढतो, पेनाने फॉर्म भरतो आणि पुन्हा स्कॅन करतो. किंवा गुगलवर ‘फ्री पीडीएफ एडिटर’ शोधून समोर येईल त्या वेबसाइटवर फाइल चढवतो.

खरं तर या दोन्हींची गरज नसते. कारण फॉर्म भरण्यासाठी तो ‘एडिट’ करावाच लागत नाही. त्याच्यावर लिहिता आलं तरी पुरेसं असतं. आणि ती सोय बहुतेकांच्या फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये आधीपासूनच असते.

पीडीएफमध्ये लिहिता का येत नाही?

पीडीएफ हा प्रकार अडोबी कंपनीने 1993 मध्ये आणला. कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडा, कुठल्याही प्रिंटरवर छापा, पान अगदी तसंच दिसलं पाहिजे, हा त्यामागचा उद्देश होता. म्हणजे मजकूर सहज बदलता न येणं ही पीडीएफमधली चूक नाही, तिच्या रचनेचाच तो भाग आहे. 2008 मध्ये पीडीएफला आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली.

पीडीएफमध्ये टाइप करण्यासाठी चौकटी देता येतात. पण फॉर्म बनवणाऱ्याने त्या मुद्दाम टाकाव्या लागतात. अनेक ठिकाणी वर्डमध्ये फॉर्म टाइप करून तो थेट पीडीएफ म्हणून सेव्ह केला जातो, किंवा जुना छापील कागद स्कॅन केला जातो. अशा फाइलमधली नावापुढची रेघ ही फक्त रेघ असते. तिथे काही टाइप होणं अपेक्षित आहे, हे फाइलला माहीतच नसतं.

तुमच्याकडचा फॉर्म कोणत्या प्रकारचा आहे?

- रिकाम्या जागेवर क्लिक केल्यावर कर्सर आला, तर फॉर्म भरता येण्यासारखाच आहे. थेट टाइप करा.
- कर्सर येत नाही, पण फॉर्मवरची अक्षरं सिलेक्ट होतात. म्हणजे मजकूर आहे, चौकटी नाहीत.
- अक्षरंही सिलेक्ट होत नाहीत. म्हणजे तो स्कॅन आहे, पानाचा निव्वळ फोटो.
- फॉर्मऐवजी ‘प्लीज वेट’ असा इंग्रजी मेसेज दिसतो आणि तो जातच नाही. हा ‘एक्सएफए’ नावाचा जुना प्रकार आहे. कॅनडाच्या व्हिसाचे अर्ज भरणाऱ्यांना तो हमखास भेटतो. अशी फाइल मोबाइलवर न उघडता कॉम्प्युटरवर डाउनलोड करून अडोबी रीडरमध्ये उघडावी.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारासाठी उपाय एकच आहे, वरून लिहिणं.

वरून कसं लिहायचं?

अँड्रॉइड फोन: अडोबी ॲक्रोबॅट रीडर हे ॲप मोफत आहे. त्यात फाइल उघडून ‘फिल अँड साइन’ हा पर्याय निवडा. हव्या त्या जागी बोट ठेवून टाइप करा. बरोबरची खूण आणि सहीही टाकता येते.

आयफोन: ‘फाइल्स’मध्ये पीडीएफ उघडा. पेन्सिलच्या चिन्हावर टॅप केलं की ‘मार्कअप’ सुरू होतं. अधिकच्या चिन्हातून मजकूर किंवा सही टाका. वेगळं ॲप लागत नाही.

विंडोज कॉम्प्युटर: फाइल मायक्रोसॉफ्ट एज ब्राउझरमध्ये उघडा. वरच्या पट्टीत ‘ॲड टेक्स्ट’ दिसेल. फायरफॉक्स वापरत असाल तर त्यातही ऑक्टोबर 2022 पासून पीडीएफवर लिहिण्याची सोय आहे.

मॅक: ‘प्रिव्ह्यू’मध्ये हेच काम होतं. कोऱ्या कागदावर सही करून तो कॅमेऱ्यासमोर धरला, तरी सही साठवता येते.

भरून झाल्यावर कॉम्प्युटरवर ‘प्रिंट’मध्ये जाऊन ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ करा. त्यामुळे लिहिलेला मजकूर पानावर पक्का बसतो. नाहीतर काही वेळा तुम्हाला दिसणारी अक्षरं समोरच्याच्या फोनवर दिसतच नाहीत. पाठवण्याआधी फाइल एकदा दुसऱ्या ॲपमध्ये उघडून बघणं केव्हाही चांगलं.

मराठी फॉर्मचं काय?

इथे दोन अडचणी येतात. पहिली, जुन्या फॉन्टची. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडे मराठी टायपिंग श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये व्हायचं. त्यात ‘क’ दिसत असला तरी आत साठवलेलं अक्षर भलतंच असतं. त्यामुळे असा फॉर्म वर्डमध्ये बदलायला गेलं की सगळ्या मजकुराची अगम्य चिन्हं होतात. वरून लिहिताना मूळ मजकुराला हात लागत नाही, म्हणून हा प्रश्नच येत नाही.

दुसरी अडचण जोडाक्षरांची. काही पीडीएफ ॲपमध्ये मराठी टाइप केल्यावर वेलांट्या आणि जोडाक्षरं तुटतात. अशा वेळी फॉर्मच्या पानाचा स्वच्छ फोटो किंवा स्क्रीनशॉट वर्डमध्ये टाका, तो ‘बिहाइंड टेक्स्ट’ म्हणजे मजकुराच्या मागे ठेवा आणि वर टेक्स्ट बॉक्समध्ये मराठीत लिहा. मग फाइल पीडीएफ म्हणून सेव्ह करा. हाच उपाय मोफत मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्येही चालतो.

ऑनलाइन वेबसाइट वापरल्या तर काय बिघडलं?

फॉर्मवर काय काय असतं, ते आठवून बघा. नाव, पत्ता, जन्मतारीख, पॅन, आधार, बँक खातं आणि सही. एवढी माहिती एका फाइलमध्ये असते आणि ती आपण अनोळखी सर्व्हरवर चढवतो. ती तिथून कधी पुसली जाते, हे आपल्याला बाहेरून कळायला मार्ग नसतो. फाइल बदलून देणाऱ्या मोफत वेबसाइटमधून व्हायरसही पसरवला जातो, असा इशारा अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने मार्च 2025 मध्ये दिला होता.

आणखी एक गैरसमज. आधार क्रमांकावर काळी पट्टी ओढली की तो लपला, असं अनेकांना वाटतं. पण पट्टी फक्त वर बसते, खालचे आकडे बहुतेक वेळा फाइलमध्ये तसेच राहतात आणि कॉपीही करता येतात. त्यापेक्षा ‘मास्क्ड आधार’ डाउनलोड करा. त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात.

सहीचा फोटो चालतो का?

ते फॉर्म मागणाऱ्यावर अवलंबून आहे. शाळा, क्लब किंवा ऑफिसातल्या साध्या अर्जावर अनेकदा चालतो. पण सहीचं चित्र म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 नुसारची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी नव्हे. त्यासाठी डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्र किंवा आधारवर आधारित ई-साइन लागतं. मृत्युपत्र तर या कायद्याच्या कक्षेतच येत नाही, तिथे शाईची सही हवी. सूचनांमध्ये ‘पेनाने सही करावी’ असं असेल, तर माहिती टाइप करा, प्रिंट काढा आणि सही हातानेच करा.

कशाला अजिबात हात लावायचा नाही?

रिकाम्या जागा भरणं वेगळं आणि छापलेला मजकूर बदलणं वेगळं. दाखल्यावरची तारीख, मार्कशीटवरचे गुण, पगाराच्या पावतीवरचा आकडा बदलून वापरणं हा भारतीय न्याय संहितेनुसार बनावट दस्तऐवजाचा गुन्हा ठरू शकतो. कलम 336 आणि 340 त्याबद्दलच आहेत.

डिजिटल स्वाक्षरी असलेल्या सातबाऱ्यावर किंवा डिजिलॉकरमधल्या कागदपत्रावर चांगल्या हेतूनेही काही लिहू नका. एखादं अक्षर वाढलं तरी त्यावरची स्वाक्षरी पडताळणीत अडकू शकते. आणि फाइलला पासवर्डचं कुलूप असेल, तर ते तोडण्याचे उपाय शोधण्यापेक्षा ज्यांनी फॉर्म पाठवला त्यांच्याकडेच ‘भरता येणारी प्रत आहे का?’ असं विचारा. अनेकदा मूळ वर्ड फाइल त्यांच्याच कॉम्प्युटरवर असते.