नवसाला माउली, मनाला कोण?

सप्टेंबरात श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते. कर्ज, कोर्टकचेरी, मूलबाळ, सगळे तिच्यापुढे मांडले जाते. मन बिघडले, एवढेच कुणी बोलत नाही. झोप उडालेल्या सुनेला ‘विश्वास कमी पडला’ म्हणून उपास सांगतात. तापाला मात्र प्रार्थनेबरोबर गोळीही लागते, हे मिशनच्या दवाखान्यांनीच आमच्या वस्त्यांना शिकवले होते!

जिल्ह्यातील बहुतेक ख्रिस्ती कुटुंबे मूळची महार-मांग समाजातली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. म्हणून कित्येक घरांत दाखल्यावर एक धर्म, रविवारी दुसरा. पकडले जाण्याची ही धास्ती पोरगा फादरना तरी कशी सांगणार? तो गप्प होतो आणि लोक म्हणतात, सैतान शिरला.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार नव्हे, तीव्र तणावाखालचा माणूस मानले. सरकारने शहाणपण दाखवले. आता चर्चने दाखवावे. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येते. उपासनेच्या वेळा लिहितात त्याच फलकावर पाळकांनी तो लिहावा, आणि उपास सांगण्याआधी त्या सुनेला डॉक्टरकडे घेऊन जावे.