उभ्या ट्रॉलीचे टायर का तडकतात?

हंगाम संपला की ट्रॅक्टरची ट्रॉली खळ्यात उभी राहते आणि पुढच्या पेरणीपर्यंत टायरांच्या बाजूंवर बारीक भेगा उमटतात. चाक फिरलंच नाही, मग हे कसं? खरं तर न फिरणंच नडतं. रबरात मेण आणि ओझोनरोधक रसायनं मिसळलेली असतात. चाक धावताना रबर दबतं-ताणतं, तशी ती पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या चाकात हा पुरवठा मंदावतो. हवेतला ओझोन अत्यल्प, तरी ताणलेल्या रबराच्या रेणुसाखळ्या तो तोडतो. म्हणून भेगा ताणाला आडव्या पडतात.

उष्णतेचं काम वेगळं. ऑक्सिजनशी संयोग वाढून रबर कडक होतं. बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याकडे उन्हाळ्यात पारा 40 अंशांपुढे जातो. घाटावरचं बुलढाणा शहर त्या मानाने थंड, तिथे ही क्रिया सावकाश. कोकणात पारा इतका चढत नाही, पण भेगांतून ओल आतल्या पोलादी तारांपर्यंत पोचली की गंज चढतो. अतिनील किरण मात्र टायरमधली काजळीच अडवते. ठिबकच्या नळ्या काळ्या असतात त्याही यामुळेच.

ट्रॉली सावलीत, ठोकळ्यांवर उचलून ठेवावी. जुना टायर घेताना नुसती नक्षी पाहू नये, बाजूवरचे निर्मितीचे चार आकडे वाचावेत: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा.